ट्रेनिंगला सिस्टर पाठवून पेशंटला काय मिळतं?

प्रश्न आलाय तो असा. विट्याजवळच्या एका तीस बेडच्या खासगी दवाखान्यातली सिस्टर आहे, सहा वर्षं झाली नोकरीला. ती म्हणते, ताई, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीच्या रिन्यूअलला ट्रेनिंगचे क्रेडिट पॉइंट लागतात म्हणून दोन दिवस मागितले, तर सर म्हणाले, "तुम्ही तिकडं जाऊन जेवून सर्टिफिकेट घेऊन येणार, माझ्या पेशंटला त्याचा काय उपयोग ते सांगा, मग सोडतो." आता सरांना काय सांगू?

अगं, तुझे सर निम्मे बरोबर आहेत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुला जाहिरात वाटेल. मी या कामात २६ वर्षं आहे, पहिली काही वर्षं सांगलीत खासगीत, मग जिल्ह्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात, आणि आता वॉर्ड सांभाळून नव्या पोरींना शिकवायचं काम पण माझ्याच गळ्यात आहे. सर्टिफिकेटांची फाईल चांगली जाड झालीय, आणि त्यातली निम्मी कशाची होती ते फाईल उघडल्याशिवाय मला सांगता येणार नाही. एका हॉलमधे दोनशे जणी, पुढं पडद्यावर इंग्रजी स्लाइडा, मागच्या दोन रांगांत नाइट करून आलेल्या बसल्या बसल्या झोपलेल्या, साडेबाराला पुरी-भाजी, तीनला सर्टिफिकेट आणि फोटो, चारची एसटी. पाच वर्षांत १५० तास भरायचे म्हटल्यावर असे दिवस वाट्याला येणारच, आणि असल्या दिवसानं पेशंटला काही मिळत नाही हे सर बोलले ते खरंय.

पण म्हणून शिकायचंच कशाला इथपर्यंत ते आले असतील तर तिथं चुकतायत, आणि ते का हे सांगायला मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

खासगीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं इन्सुलिनची वायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, ४० युनिटची (एका एमएलमधे ४० युनिट) आणि सिरिंज पण ४० ची, लाल टोपणाची, हाताला सवय झालेली. एका पेशंटचे नातेवाईक घरनं स्वतःचं इन्सुलिन घेऊन आले, म्हणाले सिस्टर हेच चालू आहे, हेच द्या. केस पेपरवर १६ युनिट लिहिलेलं, मी लाल टोपणाची सिरिंज घेतली, १६ च्या रेघेपर्यंत भरली, दिली. ती वायल १०० युनिटची होती. लाल सिरिंजमधे १६ ची रेघ म्हणजे ०.४ एमएल, आणि १०० च्या वायलमधलं ०.४ एमएल म्हणजे ४० युनिट. अडीचपट! पहाटे तीनला वॉर्डातली मावशी सांगत आली, आजोबा घामानं निथळलेत आणि काहीबाही बोलतायत, शुगर ३८. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं औषध, शिरेतून दिलं, आजोबा पंधरा मिनिटांत उठून बसले आणि चहा मागितला, पण माझे हात सकाळपर्यंत थरथरत होते.

आता बघ, मी तेव्हा चांगली आठ वर्षं इन्सुलिन देत होते. निष्काळजी नव्हते, केस पेपर वाचला, डोस बघितला, वेळ बघितली. मी शिकले तेव्हा कुणी मला दोन ताकदीची वायल हातात देऊन दाखवलीच नव्हती, आणि मधल्या वर्षांत बाजारात काय काय नवं आलं ते सांगायला कुणी आलं नव्हतं. सर्विस वाढली म्हणजे ज्ञान वाढलं असं आपण धरून चालतो, त्यातली ही गोम आहे, सर्विसनं हात सराईत होतो, आणि हात सराईत झाला की डोळे लेबल वाचायचे थांबतात.

आमच्या मेट्रनबाई जुन्या वळणाच्या होत्या, मेमो देतील म्हणून मी रडकुंडीला आलेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोनच्या ओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना, सगळ्यांना उभं केलं, एक लाल टोपणाची सिरिंज, एक नारिंगी टोपणाची १०० वाली, दोन वाट्यांत रंगीत पाणी, आणि प्रत्येकीला दोन्हींत "१६ युनिट" भरायला लावून दोन्ही सिरिंजा शेजारी शेजारी धरायला लावल्या. पाण्यातला फरक डोळ्यानं दिसला. दहा मिनिटं लागली. वर नियम लावला की घरनं आणलेलं इन्सुलिन दोघींनी मोठ्यानं लेबल वाचल्याशिवाय भरायचं नाही. मी तिथं होते तोवर तशी चूक पुन्हा झालेली मला माहीत नाही. आणि ती दहा मिनिटं कुठल्याच क्रेडिटमधे धरली गेली नाहीत, हे पण लक्षात ठेव.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली. सापाच्या केसेस तुमच्याकडं पण येत असतील, शिराळा पट्ट्यात, ऊसतोडीच्या फडात, पावसाळ्यात तर विचारूच नको. घोणस चावली की रक्त गोठायचं बंद होतं, म्हणून वीस मिनिटांची टेस्ट करतात, दोन एमएल रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची, गोठलं का नाही. ऐकायला किती सोपं. आमच्याकडं ही टेस्ट वर्षानुवर्षं चालू होती आणि वर्षानुवर्षं चुकीची चालू होती. काचेची नळी सापडली नाही तर रक्त प्लास्टिकच्या सिरिंजमधेच ठेवायचे. कुणाला दम निघायचा नाही, दर दोन मिनिटांनी उचलून हलवून बघायचं. आणि काचेच्या नळ्या सापडल्या तरी त्या आमचे वॉर्डबॉय मामा निरम्याच्या पाण्यानं घासून उन्हात वाळवायचे, अगदी चकचकीत, आणि आम्ही त्यांचं कौतुक करायचो.

मग एकदा सर्पदंशाचं एक दिवसाचं ट्रेनिंग लागलं, वीसच जणी होतो, आणि शिकवणाऱ्यांनी स्लाइड लावायच्या आधी नळ्याच टेबलावर मांडल्या. तिथं कळलं की रक्ताची गोठायची क्रिया सुरू व्हायला काचेचा पृष्ठभाग लागतो, प्लास्टिकमधे चांगलं रक्त पण वेळेत गोठणार नाही, आणि काचेवर साबणाचा अंश राहिला तरी तोच घोळ. म्हणजे ज्याला बिनविषारी धामण चावलीय त्याचं रक्त पण आमच्या त्या चकचकीत नळीत पातळ दिसणार, आणि आम्ही त्याला सापाच्या लसीच्या दहा वायल चढवणार. ती लस घोड्याच्या रक्तापासून करतात, रिअ‍ॅक्शन आली तर अंगावर गांध्या, थंडी, बीपी खाली, श्वास कोंडतो. किती जणांना आम्ही उगाच दिली असेल ते आता सांगता येणार नाही, पण दोन-तीन चेहरे माझ्या डोळ्यासमोर आले त्या दिवशी. परत आल्यावर पहिलं काम काय केलं तर नव्या कोऱ्या काचेच्या नळ्या स्टोअरमधून मागवल्या, त्या डब्यावर "सापासाठी, धुवायच्या नाहीत" अशी चिकटपट्टी लावली आणि मामांना समजावलं. मामा जरा रुसले.

त्याच दिवशी अजून एक शिकले. मण्यार चावलेल्याला सूज नसते, बऱ्याचदा चावल्याची खूण पण दिसत नाही, रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येतेय म्हणून येतो, आणि पापण्या जड झालेल्या असतात. अशा पेशंटला एका दमात आकडे म्हणायला लावायचे. पुढं एक ऊसतोड कामगार असाच आला, त्याच्या बायकोचं एकच चाललेलं, "डोळं उघडंना झालंय ओ". आमच्या सिस्टरनं त्याला मोजायला लावलं, आधी एका दमात २४ पर्यंत गेला, अर्ध्या तासानं १५, मग ९. ते आकडे तिनं वेळेसकट केस पेपरवर लिहिले, डॉक्टरांना फोनवर तेच सांगितले, आणि लस सुरू करून श्वास बंद पडायच्या आत तो व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोचला. त्या ट्रेनिंगच्या आधी आम्ही त्याला अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं असतं. बसवलेले पण आहेत.

सरांना मोठ्या अभ्यासाचे आकडे हवे असतील तर ते पण आहेत. सगळ्यात चांगला मला वाटतो तो बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा, २०२३ साली आलेला, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत, दोन लाखांवर बाळंतिणी. केलं काय, तर बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली पिशवी लावली म्हणजे किती रक्त गेलं ते मापात दिसेल, आणि ५०० एमएल झालं की गर्भाशयाचा मसाज, ते आवळायला ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक, सलाईन, तपासणी हे एकामागं एक वाट न बघता एकदमच करायचं, आणि हे सगळं तिथल्या सिस्टर-मिडवाइफना त्यांच्याच लेबर रूममधे शिकवलं, ट्रॉली भरून ठेवली. एक लिटरच्या वर रक्त जाणं, पोट उघडायला लागणं, रक्तस्रावानं बाई जाणं, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी खाली आलं. आणि मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव होणाऱ्या बायकांपैकी निम्म्याच ओळखल्या जात होत्या, पिशवी आणि ट्रेनिंगनंतर ९३ टक्के. म्हणजे निम्म्या बायकांचं रक्त जात होतं आणि शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला ते "नॉर्मल" वाटत होतं. आपण पण "दोन पॅड भिजली" असंच लिहायचो की, ते पॅड केवढं आणि भिजलं म्हणजे किती ते कुणी मोजलंय?

अजून एक आकडा लोक सगळीकडं फेकतात, तो जपून वापर. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला, चार लाखांवर ऑपरेशनचे पेशंट, त्यात डिग्रीवाल्या नर्सेस १० टक्के जास्त असतील तिथं मृत्यूची शक्यता ७ टक्के कमी दिसली. हे वाचून लोक म्हणतात बघा, ट्रेनिंगनं मृत्यू कमी होतात. तो अभ्यास मूळ शिक्षणाचा आहे, आपल्या दोन दिवसांच्या वर्कशॉपचा नाही. आणि त्याच अभ्यासात दुसरी ओळ आहे जी दवाखान्याच्या मीटिंगमधे कुणी वाचत नाही: एका नर्सकडं एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्के वाढते. आपल्याकडं कौन्सिलचं गणित कागदावर साध्या हॉस्पिटलला पाच पेशंटमागं एक नर्स असं आहे, आणि तू नाइटला एकटी किती बेड बघतेस ते तुलाच माहीत. पंचवीस बेडला एक सिस्टर ठेवून तिला अर्ली वॉर्निंगचं, म्हणजे बिघडायला लागलेला पेशंट वेळेत ओळखायचं, ट्रेनिंग दिलं तर ती श्वास मोजणार कधी? हे सरांना गोड शब्दांत सांग, पण सांग.

श्वासाचा विषय निघालाय तर तो सोडत नाही मी, माझा लाडका विषय आहे. कुठल्याही वॉर्डात जा, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास लिहायचा कागद) उचल, श्वासाच्या रांगेत बघ. २०, २०, १८, २०, २०. न्यूमोनियाचा पेशंट असू दे नाहीतर हर्नियाचा, सगळे वीस वेळाच श्वास घेतात. कुणी मोजत नाही गं, मी पण वर्षानुवर्षं मोजला नाही, नाडी आणि बीपी मशीन दाखवतं, श्वासाला पूर्ण मिनिट छातीकडं बघत उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात तिकडं कुणाचं तरी सलाईन संपतं. पण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो, बीपी पडायच्या कितीतरी आधी. इंग्लंडात २०१२ पासून जो वॉर्निंगचा चार्ट आहे त्यात श्वास २५ किंवा वर गेला तर त्या एकट्या गोष्टीला सगळ्यात जास्त म्हणजे तीन मार्क.

आम्ही एक महिना फक्त हेच केलं. लेक्चर नाही काही नाही. रोज ओव्हरला एका बेडजवळ दोघी उभ्या राहायच्या, दोघींनी वेगवेगळा मिनिटभर मोजायचा, आकडा जुळवायचा. दुसऱ्या आठवड्यात चार्टवर १६, २२, १९ असले आकडे दिसायला लागले, तेव्हा मला हायसं वाटलं. त्याच महिन्यात एक नवीन पोरगी, नोकरीला चार महिने झालेली, नाइटला सर्जनना फोन करते: "सर, बेड सातचे आजोबा, काल पोटाचं ऑपरेशन, संध्याकाळी श्वास १८ होता आता २८, नाडी ११८, चार तासांत लघवी साठच एमएल, बीपी अजून बरं आहे पण तुम्ही येऊन बघायला हवं." आजोबा स्वतः म्हणत होते, बरं हाय की मला. सर आले, आतला टाका सुटलेला, रात्रीतच परत ऑपरेशनला घेतलं, आजोबा बाराव्या दिवशी पलूसला घरी गेले. एका पेशंटवरनं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण वर्षभरापूर्वी तोच फोन "सर पेशंट जरा बरोबर वाटत नाही ओ" असा झाला असता आणि तिकडनं "पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू" असं आलं असतं, हे पण मला कळतं. फोनवर कोण, कशासाठी भरती, आता काय बदललं, मला काय हवंय, या क्रमानं बोलायचं हे पण शिकवायला लागतं, आपल्यातल्या निम्म्या पोरी सरांना फोन लावायच्या आधीच घाबरलेल्या असतात.

आणि इथं चेंडू सरांच्याच अंगणात येतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी मोठ्या शिरेतल्या नळीचं इन्फेक्शन कमी करून दाखवलं, २००६ साली छापून आलं, दीड वर्षात ६६ टक्क्यांपर्यंत घट. पाच साध्या गोष्टींची यादी होती, हात धुण्यापासनं. पण यादीपेक्षा मोठी गोष्ट ही की डॉक्टरनं पायरी चुकवली तर नर्सनं त्यांना थांबवायचं, असा तिला अधिकार दिला होता. आता तूच सांग, तू ट्रेनिंगला जाऊन हात कधी कधी धुवायचे ते पाच प्रसंग पाठ करून आलीस, आणि राउंडला सर एका पेशंटचं ड्रेसिंग उघडून तसेच दुसऱ्याकडं गेले, तर तू बोलशील? बोललीस तर काय होईल? याचं उत्तर "ओरडा बसेल" असं असेल तर ट्रेनिंगचे पैसे वाया गेले, तिथं तुझा दोष नाही.

कोविडात मी एवढं पटकन शिकताना सगळ्यांना कधी बघितलं नाही. मार्च २०२० मधे इस्लामपूरला केसेस निघाल्या आणि जिल्हा हादरला. पीपीई कुठल्या क्रमानं काढायचं, पेशंटला पालथं कसं झोपवायचं, हे मोबाईलवर दुपारी बघितलेलं संध्याकाळी करत होतो. लक्षात राहिलं कारण शिकलं त्याच दिवशी वापरलं. उलट सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबायचं, बघ, बेसिक लाइफ सपोर्टचं कार्ड दोन वर्षं चालतं, पण न वापरलेला हात तीन ते सहा महिन्यांतच ढिला पडतो, मिनिटाला १०० ते १२० दाब म्हणून सुरू करतात आणि दीड मिनिटात कोपर वाकतं. म्हणून दोन वर्षांनी एक दिवस करण्यापेक्षा दर महिन्याला पाच मिनिटं केलेलं परवडतं. सरावाचा पुतळा नसेल तर चार दवाखान्यांनी मिळून एक घ्या, विट्यात डॉक्टरांची आपापसात तेवढी ओळख असतेच.

तर सरांना काय सांगायचं. पॉइंटचं बोलूच नको, ती तुझी गरज आहे, त्यांची नाही. असं सांग की सर, मी जाते तो विषय आपल्याकडं रोज लागणारा निवडते, हातानं करायला लावणारं ट्रेनिंग बघते, नुसतं लेक्चर नाही. परत आल्यावर पुढचे तीन दिवस दोनच्या ओव्हरला दहा-दहा मिनिटं सगळ्यांना करून दाखवते, नाइटवाल्यांना वेगळं. आणि जायच्या आधीचा एक महिना आणि नंतरचे दोन महिने एक वही ठेवते: शुगर ७० च्या खाली किती वेळा गेली, सलाईनच्या जागेवर सूज किंवा लाली किती जणांना आली, औषधाची चूक होता होता किती वेळा वाचली. त्यात एक घोळ आहे, तो आधीच सांगून ठेव. वही सुरू केली की पहिल्या महिन्यात चुका वाढलेल्या दिसतात, कारण आधी कुणी लिहीतच नव्हतं. त्या वहीवरनं मेमो निघाला की दुसऱ्या महिन्यात चुका शून्य होतात, आणि ते शून्य खोटं असतं. त्यामुळं वहीत नाव नाही, फक्त काय झालं ते, हे सरांकडनं कबूल करून घे.

ते म्हणतील शिकवलं की पोरी पुण्याला जातात. जातात की. पाच-सात हजार जास्त मिळतात म्हणून जातात, सीपीआर शिकल्या म्हणून नाही. आणि ते दोन दिवस रजेत नको, ड्यूटीत धरा म्हण, स्वतःची सुट्टी जाळून शिकायला गेलेली बाई परत येऊन दुसऱ्यांना शिकवायच्या मूडमधे नसते.

दोन दिवस नाहीच सोडलं तरी वॉर्डातच सुरू कर, श्वास मोजण्यापासून. त्याला पैसे लागत नाहीत, सेकंद काट्याचं घड्याळ लागतं. वॉर्डातलं घड्याळ चालू आहे का ते मात्र आधी बघ, आमच्याकडचं दीड वर्ष पावणेनऊवर थांबलेलं होतं आणि चार्टवर वेळा मात्र सगळ्या बरोबर लिहिलेल्या असायच्या.